फुलांच्या वाफ्याला दगडाची कड : सिमेंट नको, सुकी रचा

वाफ्याला कड करायची म्हटलं की एक जण म्हणतो विटा तिरक्या लावा, दुसरा म्हणतो रेडिमेड ब्लॉक मिळतात ते आणा, तिसरा म्हणतो गवंडी बोलवा, एका दिवसात बांधून मोकळा होईल. मी तिसऱ्याचं ऐकलं होतं. आमचं घर साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला, अंगणात निव्वळ मुरूम, म्हणून घर झाल्यावर नदीकाठच्या शेतातली काळी माती ट्रॉलीने आणून टाकली आणि पुढच्या बाजूला २० फूट लांब ४ फूट रुंद वाफा केला, त्याला काळ्या दगडाची सिमेंटमधली कड बांधून घेतली. पावसाळाभर आणि थंडीत एकदम छान दिसली. एप्रिलमध्ये माती वाळून भेगा पडल्या तशी कडेलाही भेग गेली, पुढच्या पावसात एक अख्खा तुकडा बाहेरच्या बाजूला कलला आणि दुसऱ्या मे महिन्यात बघते तर कडेचे पाच तुकडे झालेले, मधून बोट जाईल एवढ्या फटी. दगड सगळे धड होते, तुटलं होतं ते सिमेंट.

कारण साधं आहे. काळी माती पाणी प्याली की फुगते आणि वाळली की आकसते, दरवर्षी. तिच्यावर तुम्ही एकसंध कडक पट्टी ठेवली तर ती कुठेतरी मोडणारच. सुटे रचलेले दगड मात्र मातीबरोबर थोडे वरखाली होतात आणि परत बसतात. आपल्याकडे जावळी, पाटणच्या बाजूला डोंगरउतारावरच्या शेतांना दगडाच्या ताली घातलेल्या बघा, कुठेही चुना नाही, सिमेंट नाही, पावसाचं पाणी फटीतून निघून जातं आणि माती मागे राहते. वाफ्याची कड म्हणजे तीच ताल, गुडघ्याच्याही खाली येणारी. मी जुनी कड फोडून तेच दगड साफ करून सुके रचले, त्याला आता चार पावसाळे झाले. कसं केलं ते सगळं लिहिते.

आधी वेळ. हे काम दिवाळीनंतर करा. मे महिन्यात काळी माती कुदळीला दाद देत नाही, ढेकळं निघतात आणि दगड बसवायला खणलेल्या चराच्या बाजू ढासळतात. पावसाळ्यात नुसता चिखल, बुटाला दोन-दोन किलो माती. नोव्हेंबरात जमीन वाफशावर असते, म्हणजे मूठभर माती घेऊन दाबली तर गोळा होतो आणि बोटाने टिचकी मारली की फुटतो, तशी माती असली की चर सुरीने कापल्यासारखा निघतो. शिवाय दसऱ्याचा झेंडू तोवर संपत आलेला असतो, वाफा निम्मा मोकळाच असतो त्यामुळे रोपं तुडवली जायची भीती नाही.

आता दगड कुठला घ्यायचा. आपल्या भागात दोनच खरे पर्याय, काळा पाषाण आणि जांभा. काळा दगड खाणीवरून डबर, म्हणजे न घडवलेला ओबडधोबड दगड, म्हणून मिळतो, जुना वाडा पाडत असतील तर तिथे घडवलेल्या खांडक्या मिळतात, आणि कुणाची विहीर खणलेली असेल तर तिथलाही माल लोक असाच देतात. विहिरीचा दगड मात्र तपासून घ्या. हातोडीने टोला मारायचा, खणखणीत आवाज आला तर चांगला, थप्प असा बसका आवाज आला तर आतून कुजका, दोन पावसाळ्यांत त्याचे कांद्यासारखे पापुद्रे सुटतात. अंगावर बारीक भोकं किंवा पांढरे खडे असलेला दगड वाईट नसतो, आवाज चांगला असला म्हणजे झालं. मला तर तो पांढऱ्या ठिपक्यांचा जास्त आवडतो, पाणी मारल्यावर काय दिसतो!

जांभा म्हणजे आपल्या पाचगणीच्या टेबल लँडवर, कासला, महाबळेश्वरला वर जो तांबडा सच्छिद्र थर दिसतो तो. त्याचे चिरे चौकोनी कापलेलेच मिळतात, त्यामुळे रचायला एकदम सोपे, नवीन माणसाने सरळ कड करायची असेल तर चिरेच घ्यावेत. जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो आणि हवेवर राहून कडक होतो, म्हणून ताजे कापलेले चिरे लगेच न लावता काही आठवडे उघड्यावर पडू द्या. पावसात त्यावर शेवाळ धरतं. काहींना ते नको असतं, मला विचाराल तर हिरव्या शेवाळाचा तांबडा दगड आणि मागे पांढरी शेवंती यासारखं दुसरं काही नाही.

एक विनंती मात्र मनापासून. कासला किंवा गडावर फिरायला गेलात आणि छान दगड दिसला तर गाडीत टाकू नका. कासचं पठार २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत गेलंय, तिथली फुलं कातळाच्या खाचेतल्या बोटभर मातीवर जगतात, एक दगड हलवला की ती मातीही गेली. नदीतले गोटेही नकोत. ते परवानगीशिवाय उचलता येत नाहीत हे एक, आणि दुसरं म्हणजे गुळगुळीत गोल गोटा कडेला बसतच नाही, पाय लागला की घरंगळतो.

किती दगड लागतील त्याचा हिशोब अगदी सोपा. माझा वाफा २० बाय ४, म्हणजे चारी बाजू मिळून ४८ फूट, म्हणजे ५७६ इंच. एक दगड समोरून सरासरी ८ इंच धरला तर ७२ दगड, त्यात काही वाकडे निघणार, काही फुटणार, म्हणून ८० सांगायचे. उंची १० ते १२ इंच आणि जाडी ५-६ इंच असलेले निवडा. असा काळा दगड एकेक पंधरा-वीस किलो भरतो, म्हणजे ८० दगडांचं वजन दीड टनाच्या आसपास जातं. छोटा हत्ती टेम्पो साधारण पाऊण टनाचा, तेव्हा एका फेरीत सगळं भरा म्हणू नका, दोन फेऱ्या करा. आणि दगड वाफ्याच्या जवळ चारी बाजूंना थोडे थोडे उतरवून घ्या, गेटपाशी एकच ढीग मारून ट्रॉलीवाला निघून गेला की एकेक उचलून आणताना पाठ जाते.

आखणी घाईने करू नका. सरळ वाफा असेल तर चार खुंट्या आणि सुताची दोरी, कोपरा काटकोनात हवा असेल तर एका बाजूला ३ फूट, दुसऱ्या बाजूला ४ फूट मोजून मधलं अंतर ५ फूट भरतंय का बघायचं. वळणाचा वाफा हवा असेल तर पाण्याचा पाईप जमिनीवर टाका आणि पायाने सरकवत आकार द्या. पाईप थोडा वेळ उन्हात ठेवला की मऊ पडतो आणि गोलाई नीट येते. मग त्याच्या कडेने रांगोळीची रेघ ओढा आणि दोन दिवस ती तशीच राहू द्या. येता-जाता बघा, गाडी लावताना बघा, वरच्या खिडकीतून बघा, घरातल्यांना विचारा. आमच्याकडे सासूबाई म्हणाल्या तुळशीकडे जायची वाट अडतीये, तेव्हा कोपरा हातभर आत घेतला. रांगोळी पुसायला दोन मिनिटं लागतात, दगड बसल्यावर दुसऱ्यांदा कुणी हलवत नाही.

चर १० इंच रुंद आणि ९ इंच खोल. एवढं खोल कशाला असं सगळे विचारतात. त्यातले ३ इंच मुरुमाला जातात आणि ६ इंच दगड आत बसतो, म्हणजे फुटभर उंचीचा दगड निम्मा जमिनीत आणि निम्मा वर. जेवढा वर दिसतो तेवढा तरी आत गाडलेला हवा, याच्यात तडजोड करू नका, सगळी कड याच्यावर उभी असते. दुसरं कारण हरळी. हरळीची मुळं अंगणातून सरपटत येऊन वरवर ठेवलेल्या दगडाखालून सहज वाफ्यात शिरतात, मग मोगऱ्याच्या बुडातून ती काढता काढता जीव जातो. खोल बसवलेला दगड आणि खाली ठोकलेला मुरूम असला की तिला बरंच अडवता येतं. लव्हाळ्याला मात्र ही कड अडवत नाही, त्याच्या गाठी खालीच असतात, चर खणताना जेवढ्या दिसतील तेवढ्या वेचून बाहेर टाका, कंपोस्टात टाकू नका.

चर खणताना वरची चांगली माती एका बाजूला आणि खालची दुसऱ्या बाजूला टाकायची. वरची वाफ्यात परत जाईल. तळ साधारण सपाट झाला की तळाला धुम्मस, म्हणजे जमीन ठोकायचं जड ठोकणं, मारून घ्या.

याच वेळी पाण्याचा विचार करून ठेवा. ठिबकची नळी किंवा बागेतल्या लाईटची वायर पुढे कधी वाफ्यात न्यायची असेल तर आत्ताच चरात आडवा एक-दीड इंची पीव्हीसी पाईपचा तुकडा टाकून दोन्ही तोंडांना प्लास्टिक बांधून ठेवा. आम्ही हे विसरलो नाही म्हणून पुढच्या वर्षी ठिबक दहा मिनिटांत आत गेलं.

मग मुरूम. वाळू नको, पाणी आणि मुंग्या मिळून ती दगडाखालून काढून नेतात आणि दगड बसतो. तांबडा मुरूम चिकटून घट्ट होतो. ४८ फुटांच्या चराला ३ इंच थर म्हणजे १० घनफूट होतात, ठोकून तो बसतो म्हणून मी बारा-तेरा घनफूट आणला, आपलं नेहमीचं घमेलं धरलं तर पंचवीसेक घमेली. मोठे खडे वेचून काढा, थोडं पाणी शिंपडा, नुसतं ओलं होण्यापुरतं, आणि धुम्मसने ठोका. धुम्मस नसेल तर जाड लाकडी ओंडक्याला आडवी काठी ठोकून घ्या. ठोकताना आवाज आधी मऊ येतो आणि मग टणक होत जातो, टणक आला की थांबायचं.

आता खरं काम, दगड बसवणं. हे मला एका वडार मामांनी शिकवलं, साठीच्या पुढचे, आयुष्यभर विहिरी आणि ताली बांधलेले. मी पहिला दगड उचलून सरळ चरात ठेवायला गेले तर म्हणाले, "थांबा ताई. दगडाला तोंड असतंय, बूड असतंय, डोकं असतंय. आधी ते हुडका, मग हात लावा." आणि त्यांनी तो दगड पायानेच एकदा असा, एकदा तसा पालथा केला. तोंड म्हणजे त्यातल्या त्यात सपाट बाजू, ती बाहेर दिसायला. डोकं म्हणजे वरची कड, ती शक्यतो आडवी. बूड म्हणजे जड आणि रुंद भाग, तो खाली. बूड निमुळतं असलेला दगड त्यांनी सरळ बाजूला टाकला, म्हणाले, "ह्याला कोपऱ्यात चिपा करायला ठेवा, उभा ऱ्हायचा न्हाई."

सुरुवात कोपऱ्यांपासून. चारी कोपऱ्यांना सगळ्यात मोठे, चौकोनी दगड बसवून घ्या आणि त्यांच्या डोक्याच्या उंचीला दोरी ताणा. कोपरे एकमेकांच्या लेव्हलला आहेत का ते बघायला लेव्हल पाईप घ्या, पाणी भरलेली पारदर्शक नळी, कुठल्याही गवंड्याकडे असते, आत हवेचा बुडबुडा राहिला तर चुकीचं दाखवते तेवढं सांभाळा. जमीन उताराची असेल तर दोरी उताराबरोबर तिरकी नेऊ नका, त्यापेक्षा पाच-सहा दगड एका लेव्हलला, मग एक पायरी खाली, मग परत सरळ असं उतरत जा. आमच्याकडे २० फुटांत सव्वा फूट उतार होता, तीन पायऱ्या झाल्या. जिथे जमीन उतरते तिथे चरही तेवढाच खाली न्या, म्हणजे दगड आतमध्ये तेवढाच राहतो.

मधला प्रत्येक दगड चरात ठेवला की दोन्ही हातांनी धरून डावीउजवीकडे घोळवायचा, म्हणजे तो मुरुमात आपली जागा करतो. मग तो बोटभर मागे, वाफ्याच्या अंगाला झुकवायचा. अगदी ओळंब्यात उभा केला तर पावसात मातीचा रेटा येऊन तो पुढे येतो, आधीच मागे झुकलेला असला की रेटा झेलतो. शेजारचा दगड त्याला जितका भिडेल तितका भिडवा, खालच्या बाजूला तरी भिडलाच पाहिजे, वर थोडी फट राहिली तर चालते. फटीत मागच्या बाजूने दगडाच्या चिपा घालून सुतकीने, म्हणजे पाथरवटाच्या हातोडीने, हलकेच ठोका. चीप घातल्यावर मामा दगडावर पाय ठेवून सगळा भार टाकायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे. दगड जरासा जरी डुलला तर खाली उतरून, काही न बोलता, दगड काढून मुरूम खरवडायचे आणि परत बसवायचे. एकच दगड त्यांनी माझ्यासमोर चार वेळा काढला. त्या कोपऱ्यावर आमची मुलं सायकल टेकवतात, तो अजून हललेला नाही.

दगडाचा एखादा नडणारा कोपरा उडवायचा असेल तर छिन्नी-सुतकीने उडवा, पण डोळ्याला गॉगल लावूनच, काळ्या दगडाची कपची काचेसारखी उडते. पायात चप्पल नको, बूट घाला. दगड कमरेतून वाकून उचलू नका, गुडघे वाकवून बसा आणि अंगाशी धरून उठा, नाहीतर पहारीने सरकवा. आणि पडून राहिलेल्या ढिगातला दगड थेट बोटं खाली घालून कधीच उचलायचा नाही, आधी पहारीने एक बाजू वर करून खाली बघायचं. आपल्याकडे दगडाखाली लाल विंचू असतो. त्याच्या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपाय महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवून दिला त्यामुळे आज कितीतरी माणसं वाचतात, पण त्यासाठी तातडीने दवाखान्यात पोचावं लागतं, घरगुती उपायात वेळ घालवू नका, लहान मुलाला चावला तर अजिबात नाही.

दगड उभे झाले की दोन्ही बाजूंनी भरणी. बाहेरच्या बाजूला मुरूम, आतल्या बाजूला खालचा अर्धा भाग मुरूम-खडी आणि वर माती. एकदम भरू नका, ४-४ इंचाचा थर टाकून काठीने कोचायचा, पाणी मारायचं, परत थर. दगडाच्या पाठीमागे खडी असली की वाफ्यातलं जास्तीचं पाणी तिथून खाली उतरून फटीतून बाहेर पडतं. उताराच्या खालच्या बाजूला तर मी दर चार-पाच फुटांवर मुद्दाम करंगळीएवढी फट ठेवलीये. शेवंतीच्या मुळाशी पाणी साचलं की ती आठवड्यात माना टाकते, सिमेंटच्या कडेत माझी अशी अख्खी रांग गेली होती.

सिमेंट नको म्हणण्याचं अजून एक कारण झाडांच्या बाजूचं. आपली काळी माती आधीच चुनखडीची, सामू (pH) ८ च्या आसपास किंवा वरच. त्यात सिमेंटमधला चुना पावसाबरोबर उतरत राहतो. अशा मातीत लोह असूनही मुळांना घेता येत नाही, मग कडेजवळच्या जास्वंदीची, गुलाबाची कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोक खत घालत बसतात. माझी कडेची झाडं जुनी कड फोडल्यावर, मोडकं सिमेंट वेचून शेणखत घातल्यावर एका मोसमात सुधारली.

वाफ्यातली माती दगडाच्या डोक्यापासून २ इंच खालीच ठेवा. काठोकाठ भरली तर वळवाचा पहिलाच पाऊस ती अंगणात आणून टाकतो. आणि दगडांना गेरू-चुन्याचे पट्टे मारू नका, पुढच्या पावसात ते ओघळतात आणि मग दरवर्षी मारत बसावं लागतं. काळ्या दगडाचा रंग आहे तोच चांगला.

लॉन असेल तर दगडाच्या बाहेरून शहाबादी फरशीचा ६ इंचाचा पट्टा जमिनीच्या सपाटीला बसवा, म्हणजे मशीनचं चाक त्यावरून जातं आणि कडेचं गवत हाताने कापायला लागत नाही. नुसतं मातीचं अंगण असेल तर याची गरज नाही.

फटी मोकळ्या दिसतात म्हणून घाईने काही कोंबू नका, एक पाऊस जाऊ द्या. त्यानंतर वरच्या फटींत चिनी गुलाबाच्या, म्हणजे ऑफिस टाइमच्या, बोटभर काड्या खोचा, लगेच धरतात आणि उन्हाळ्यात तापलेल्या दगडावरही फुलतात. सदाफुली तर आपोआप उगवते, पण तिचं बूड जाड झालं की ती दगड ढकलते, म्हणून फटीतली उपटून आत लावायची. मागच्या रांगेत अबोली, तिच्या मागे शेवंती, आणि कोपऱ्याला मोगरा अशी आमची मांडणी आहे.

पहिल्या पावसाळ्यानंतर एकदा सगळ्या कडेवरून पाय ठेवत चालत जा. माझ्याकडे ७४ दगड लागले, त्यातले दोन डुलत होते, दोन्ही नळाजवळचे, तिथे पाणी जास्त पडतं. पहारीने वर काढले, खाली दीड घमेलं मुरूम टाकून ठोकला, परत घोळवून बसवले, दोन्ही बाजूंनी चिपा मारल्या. अर्धा तास लागला. राहिलेले सहा दगड मागे पेरूच्या आळ्याला लावलेत.